वाचन वेगळं, वादन वेगळं

यमनचा विलंबित ख्याल संपत आलेला असतो. गायिका समेवर येते, थांबते, आणि द्रुत सुरू होण्याआधीच्या दोन-तीन सेकंदांत फक्त तानपुरे ऐकू येत राहतात. माझ्याकडच्या सीडीवर नेमका इथेच पहिला ट्रॅक संपून दुसरा सुरू होतो. सीडी प्लेअरवर ऐकताना त्याचा पत्ताही लागत नाही. पण वीसेक वर्षांपूर्वी हीच सीडी मी घाईघाईने एमपी-थ्री करून संगणकात भरली आणि त्या प्रतीत या जागी तानपुरा तुटायला लागला. पापणी लवायला लागेल एवढाच वेळ. पण पाऊण तास ज्या षड्जात आपण बसलेलो असतो, तिथून मध्येच कुणीतरी उठवल्यासारखं व्हायचं.

त्या तुटक्या तानपुऱ्यानेच मला या विषयात ओढलं. गेल्या पावसाळ्यात घरातल्या चारशेच्या वर सीडी मी पुन्हा, आणि या वेळी नीट, रिप केल्या. रिप करणं म्हणजे सीडीवरचं संगीत फाइलच्या रूपात संगणकात उतरवून घेणं. पेनड्राइव्हवरून फोटो घ्यावेत तितकंच हे सोपं असणार, अशी माझी समजूत होती. ते तसं का नाही, हे जसजसं कळत गेलं, तसतसं त्या चकचकीत चकतीकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

एखादी सीडी हातात घ्या. व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर, आणि जवळजवळ सगळी जाडी पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकची. त्यावर एकच सलग रेघ आहे, आतून बाहेरच्या कडेकडे उलगडत जाणारी. (ग्रामोफोनची तबकडी बाहेरून आत वाजते; इथे उलटं.) या रेघेच्या दोन वेढ्यांत अंतर आहे १.६ मायक्रोमीटर. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे चाळीसेक वेढे बसतील. एका भरलेल्या सीडीवर वीस हजारांहून जास्त वेढे असतात आणि ती रेघ उलगडून सरळ केली, तर पाच किलोमीटरच्या पुढे जाईल. चालत जायला तास लागेल एवढं संगीत तळहातावर मावतं.

या रेघेवर लहान-मोठ्या लांबीच्या खाचा आहेत. रुंदी सुमारे अर्धा मायक्रोमीटर, लांबी साधारण ०.८ ते ३ मायक्रोमीटर. लेझर खालून येतो, डोळ्यांना न दिसणारा, ७८० नॅनोमीटरचा. खाचेची खोली त्या प्रकाशलहरीच्या प्लास्टिकमधल्या लांबीच्या सुमारे पाव हिश्शाएवढी ठेवलेली आहे. जाताना पाव, येताना पाव, म्हणजे परतणारी लहर शेजारून परतणाऱ्या लहरीच्या अर्ध्या पावलाने मागे पडते आणि दोघी एकमेकींना खोडतात. उजेड मंदावतो. खाच म्हणजे एक आणि सपाट जागा म्हणजे शून्य, असं पुष्कळदा लिहिलेलं आढळतं, पण ते खरं नाही. एक म्हणजे खाचेची कड, उजेड बदलतो तो क्षण. मधलं सगळं शून्य.

यातून एक गोष्ट निघते जी मला फार उशिरा कळली. आपण सीडीची खालची, चमकणारी बाजू जिवापाड जपतो. पण खाचा आणि त्यांच्यावरचा ॲल्युमिनियमचा थर असतो वरच्या, छापील बाजूला, लॅकरच्या पातळ लेपाखाली. खालच्या पृष्ठभागावरची धूळ लेझरला चष्म्याच्या काचेवरच्या ठिपक्यासारखी धूसरच दिसते, कारण त्याची नजर एक मिलिमीटरहून जास्त खोल लागलेली असते. वरून नख किंवा पेनचं टोक लागलं, तर मात्र थेट संगीतच खरवडलं जातं.

आता आकडे. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी १९८० मध्ये मिळून ठरवलेल्या नियमांनुसार ध्वनीचं मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलं जातं, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसाठी, आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसतं. ४४,१०० हाच विचित्र आकडा का? निरोगी तरुण कानाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि एखादी कंपनं पकडायची तर त्यांच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. पण मग ४४,००० का नाही? कारण तेव्हा एवढे आकडे साठवायला हाताशी होती ती व्हिडिओ टेप. चित्राच्या प्रत्येक रेषेत तीन मापं बसवायची ठरलं. अमेरिका-जपानच्या पद्धतीत त्यासाठी वापरता येण्याजोग्या २४५ रेषा सेकंदाला ६० वेळा: ३ गुणिले २४५ गुणिले ६०, उत्तर ४४,१००. युरोपच्या पद्धतीत २९४ रेषा ५० वेळा: उत्तर पुन्हा ४४,१००. दोन्ही जगांना चालेल असा आकडा सापडला आणि तो कायमचा राहिला. आज आपल्या फाइलींत व्हिडिओ टेपचा काहीही संबंध उरलेला नाही, तरी तिची मापपट्टी उरलीच आहे.

यापुढचा भाग मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. ज्यांनी सीडी घडवली, त्यांनी ती खराब होणार हे गृहीत धरूनच घडवली. कारखान्यातून नवी कोरी सीडी बाहेर पडते, तीसुद्धा निर्दोष नसते. म्हणून मूळ २४ बाइटच्या प्रत्येक गटामागे ८ बाइट निव्वळ दुरुस्तीसाठी जोडलेले असतात. हे गणित अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघांनी १९६० मध्ये मांडलं. त्यामागची कल्पना शाळेतल्या आलेख-कागदावर समजते. सरळ रेघ ठरायला दोन बिंदू पुरतात. मी तुम्हाला एकाच रेघेवरचे चार बिंदू दिले आणि वाटेत त्यांतला एक पुसला गेला, तरी उरलेल्यांवरून तो तुम्ही परत मांडू शकता. एखादा चुकीच्या जागी सरकला, तरी रेघ सोडून बसलेला तो लगेच ओळखू येतो. वडापावच्या गाडीवर तेलाने डागाळलेला, कोपऱ्यात फाटलेला क्यूआर कोड तरीही स्कॅन होतो, तो याच गणितामुळे.

पण ओरखडा एक-दोन बाइट खात नाही, ओळीने शेकडो खातो. त्यावर उपाय असा. लग्नाचं वऱ्हाड निघालंय अशी कल्पना करा. एकेक घर एकेका गाडीत बसवलं आणि एक गाडी घाटात बंद पडली, तर अख्खं घर लग्नाला मुकेल. त्याऐवजी प्रत्येक घरातली माणसं वेगवेगळ्या गाड्यांत विखरून बसवली, तर एक गाडी राहिली तरी प्रत्येक घरातलं एकच माणूस कमी पडेल. सीडीवर अगदी हेच केलेलं आहे. एका गटातले बाइट रेघेवर सुमारे दोन सेंटीमीटरभर लांबीत पसरून लिहिलेले असतात. त्यामुळे रेघेच्या दिशेने जवळपास अडीच मिलिमीटर मजकूर पूर्ण नष्ट झाला, तरी तो शेवटच्या बिटपर्यंत परत मिळवता येतो. खाचेच्या मापाने पाहिलं तर अडीच मिलिमीटर म्हणजे मोठा मुलूख आहे.

सीडी पुसताना गोल गोल का पुसायची नाही, हेही इथेच कळतं. गोल पुसताना पडलेला ओरखडा रेघेच्या बाजूने धावतो आणि लांबच लांब मजकूर खातो. मधून कडेकडे सरळ पुसलं, तर ओरखडा रेघेला आडवा जातो आणि प्रत्येक वेढ्याचा जेमतेम एक ठिपका बिघडवतो. तेवढं दुरुस्तीचं गणित सहज निभावून नेतं.

आणि गणितालाही जमलं नाही तर? सीडी प्लेअर अंदाज करतो. हरवलेल्या मापाच्या आधीचं आणि नंतरचं माप बघून मधलं भरतो. तेही शक्य नसेल, तर क्षणभर गप्प बसतो. यात त्याचा दोष नाही. त्याला थांबायला वेळच नसतो. गाणं पुढे चाललेलं असतं आणि दर सेकंदाला ४४,१०० मापं हजर करायचीच असतात. चुकलेली जागा परत वाचायला तो मागे जाऊ शकत नाही.

संगणक जाऊ शकतो. रिप करण्याचं सगळं सार मला या एका वाक्यात दिसतं. सीडी प्लेअरमध्ये वाचन आणि वादन एकाच वेळी चालतं. रिप करताना आपण ती दोन कामं वेगळी करतो. वाचन आधी, निवांत, हवं तितक्या वेळा. वादन नंतर, कधीही.

अर्थात हे निवांत वाचन करणारा प्रोग्राम हवा. आंद्रे व्हीटहॉफ या जर्मन प्रोग्रामरने लिहिलेला एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी विंडोजवर मोफत मिळतो. लिनक्सवर सीडीपॅरानोइया आहे, मॅकवर एक्सएलडी. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीच्या काटेकोर पद्धतीत प्रत्येक तुकडा किमान दोनदा वाचला जातो. दोन्ही वाचनं जुळली नाहीत, तर सोळा वेळा पुन्हा वाचून त्यांतली आठ तरी एकसारखी येतात का ते बघितलं जातं, आणि नाहीच आली तर पुन्हा सोळा. एखादा हट्टी तुकडा ८२ वेळा वाचला जाऊ शकतो. शिवाय ड्राइव्हने नुकतंच वाचलेलं स्वतःच्या स्मृतीतून पाठ म्हणून दाखवू नये, म्हणून मध्ये तिला मुद्दाम दुसरीकडचं वाचायला लावतात. माझ्याकडच्या नाट्यसंगीताच्या एका सीडीला पूर्ण रात्र लागली. ड्राइव्हचा घरघराट खाली यायचा, अडखळायचा, पुन्हा चढायचा. सकाळी पडद्यावर एकही चूक नव्हती.

पण सगळी वाचनं एकसारखीच चुकली असतील तर? इथे मला खरा थक्क करणारा उपाय भेटला. कारखान्यात एकाच साच्यातून हजारो सीडी निघतात. तुमच्याकडे जी आहे, तीच कुणाकडे तरी नागपुरात असेल, कुणाकडे टोरांटोत. प्रत्येकाच्या रिपमधून एक पडताळणीचा आकडा काढायचा आणि एका सामाईक यादीत टाकायचा. ॲक्युरेटरिप नावाची यादी हेच काम करते. वेगवेगळ्या ड्राइव्हवर, वेगवेगळ्या ओरखड्यांच्या प्रतींवरून तोच आकडा निघाला, तर सगळ्यांची चूक तंतोतंत एकाच जागी, एकाच प्रकारे झाली असण्याची शक्यता उरतच नाही. एक बारीक अडचण होती. ऑडिओ सीडीवर प्रत्येक मापाला पत्ता नसतो. पत्ते असतात ते सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागापर्यंत. त्यामुळे प्रत्येक जातीची ड्राइव्ह थोडी आधी किंवा नंतर वाचायला लागते, कुणी ६ मापांनी, कुणी ६६७ मापांनी. पण एका ड्राइव्हची खोड कायम तीच असते, म्हणून ती एकदा नोंदली की वजा करता येते. मग अनोळखी माणसांचे आकडे जुळतात. पडद्यावर “अचूक” अशी नोंद उमटते आणि घरबसल्या आपल्याकडे कारखान्याच्या साच्याशी जुळणारी प्रत असते. आवाज आवडला की नाही, कान तयार आहेत की नाहीत, याचा इथे प्रश्नच येत नाही. तपासता येतं, सिद्ध करता येतं.

फाइल कुठल्या स्वरूपात ठेवायची, यावर मी फार वेळ घालवणार नाही: फ्लॅक. २००१ पासून आहे, मुक्त आहे, सगळीकडे चालतं. जाणकार श्रोता तान कुठे वळणार हे आधीच ताडतो ना, तसं फ्लॅक मागच्या काही मापांवरून पुढचं माप ताडतं आणि प्रत्यक्षात किती चुकलं तेवढंच लिहून ठेवतं. चुका लहान असतात, म्हणून फाइल साधारण निम्मी होते, आणि अंदाजात ती चूक परत मिळवली की मूळ माप जसंच्या तसं हाती येतं. काहीही गळत नाही. एमपी-थ्री कानाला कळणार नाही असं समजून बरंच टाकून देतं, शिवाय ११५२ मापांच्या ठोकळ्यांतच काम करतं. ट्रॅक त्या ठोकळ्यात नेमका बसला नाही तर पुढे-मागे शांतता भरतं. माझा तानपुरा त्या भरलेल्या शांततेत बुडत होता.

नावांचं काय? आश्चर्य वाटेल, पण मूळ नियमांनुसार बनलेल्या ऑडिओ सीडीवर गाण्यांची नावंच नसतात. कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो, एवढंच तिला माहीत असतं. संगणक त्या सुरुवातींच्या आकड्यांवरूनच सीडी ओळखतो आणि म्युझिकब्रेन्झसारख्या यादीतून नावं आणतो, चालीवरून माणूस ओळखावा तसं. हिंदुस्थानी संगीताच्या बाबतीत ती नावं बहुधा अपुरी असतात: गायकाच्या रकान्यात साथीदार, गाण्याच्या रकान्यात अर्धवट बंदीश, रागाला रकानाच नाही. इथे फ्लॅकचा एक गुण कामी येतो. त्यात आपण आपला रकाना स्वतः तयार करू शकतो आणि मजकूर देवनागरीत लिहू शकतो. मी राग, ताल आणि प्रहर असे तीन रकाने केले. टंकण्यात दोन महिने गेले. आता संध्याकाळी सहाला “मारवा” म्हणून शोधलं की घरातले सगळे मारवे एका ओळीत उभे राहतात. आयुष्यभर हा संग्रह माझ्याकडे होता, पण असा कधी दिसला नव्हता.

आता वादन. वाचनाचं ओझं उतरल्यावर प्लेअरकडे उरतं ते एवढंच: फाइल उघडायची, मापं थोडी आधीच स्मृतीत भरून ठेवायची आणि डॅकला पुरवायची. डॅक म्हणजे आकड्यांचं पुन्हा विजेच्या लहरीत रूपांतर करणारा भाग. त्याच्या आत घड्याळ असतं आणि चांगल्या यूएसबी डॅकमध्ये तेच घड्याळ वेग ठरवतं. संगणकाने फक्त मागितलं की द्यायचं. आकड्यांमधून निघणारी लहर जिन्यासारखी पायऱ्या-पायऱ्यांची असते, असं चित्र जाहिरातींत दाखवतात. ते चुकीचं आहे. २२,०५० हर्ट्झच्या आत राहणारी आणि त्या सगळ्या मापांमधून जाणारी लहर एकच असू शकते, आणि डॅकमधली गाळणी तीच गुळगुळीत लहर बाहेर काढते. मींडेत कुठेही पायरी नसते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: आकडे नुसते वाहून नेण्यासाठी महागडं यंत्र किंवा महागडी यूएसबी केबल घेऊ नका. घरात जुना लॅपटॉप असेल, तर त्याला साधा, चांगला डॅक जोडा. यंत्र हाताळायची आवड असेल, तर एटीएम कार्डाएवढ्या रास्पबेरी पायवर डॅकचं छोटं कार्ड बसवा आणि मूड ऑडिओसारखी मोफत प्रणाली टाका. यातलं काहीच नको असेल, तर वायफायवरून घरातल्या हार्डडिस्कमधल्या फाइली वाजवणारा तयार नेटवर्क स्ट्रीमर घ्या. वाचलेले पैसे स्पीकरवर खर्च करा, आणि ते ज्या खोलीत वाजणार तिथल्या पडद्यांवर, सतरंजीवर, पुस्तकांच्या भरलेल्या कपाटावर. फरक तिथे ऐकू येतो.

निवडताना तीन गोष्टी मात्र पारखाव्यात. पहिली आणि सर्वांत मोठी, दोन ट्रॅकच्या सांध्यात खंड पडतो का. दुकानात जाताना तानपुरा सलग चालू राहणारे दोन ट्रॅक पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि तिथेच ऐका. फाइल निर्दोष असूनही या परीक्षेत नापास होणारी यंत्रं मी पाहिली आहेत. दुसरी, देवनागरी नावं नीट दिसतात का आणि शोधता येतात का. तिसरी, कंपनीने हात झटकले तर यंत्र चालेल का. स्क्वीझबॉक्स नावाचे फार सुरेख नेटवर्क प्लेअर होते. २०१२ मध्ये लॉजिटेकने ते बंद केले. पण त्यांचा सर्व्हर प्रोग्राम मुक्त होता, म्हणून जगभरच्या हौशी मंडळींनी तो सांभाळला, आणि लिरियन म्युझिक सर्व्हर या नावाने तो आजही त्या जुन्या यंत्रांना गाणी पुरवतो. मुक्त प्रोग्रामवर चालणाऱ्या यंत्राला असं आयुष्य मिळू शकतं.

आणि प्रती दोन ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या घरी. माझा सगळा संग्रह दीडशे जीबीत मावला. बहिणीच्या कपाटात त्याची एक हार्डडिस्क आहे.

शेवटी एक विनंती. दुकानातून घेतलेल्या सीडींना घाई नाही; मुंबईचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं तरी त्यांच्या जुळ्या प्रती जगात कुठेतरी आहेत. पण पुष्कळ घरांत दुसऱ्या जातीच्या सीडी आहेत: घरगुती बैठका, गणेशोत्सवातली गाणी, आजोबांनी स्पूलवर घेतलेल्या आणि पुढे कुणीतरी सीडी-आरवर उतरवलेल्या मैफिली. त्यांत ॲल्युमिनियममधल्या खाचा नाहीत, लेझरने भाजलेला रंगाचा थर आहे, आणि तो उजेडाने, उष्णतेने विटत जातो. त्यांची नोंद कुठल्याही यादीत नाही, कारण जगात ती एकच प्रत आहे. माझ्याकडे अशा ३७ होत्या. ३१ पूर्ण वाचल्या गेल्या, ४ अर्धवट, आणि २ ड्राइव्हने ओळखल्यासुद्धा नाहीत. तुमच्याकडे असतील तर सुरुवात त्यांच्यापासून करा, याच आठवड्यात, आणि तोवर त्या उन्हापासून दूर ठेवा. त्यांच्यावर कागदी लेबल चिकटवलेलं असेल तर ते सोलू नका. त्याच्या मागोमाग गाणंही निघून येतं.